खाशाबा जाधव : एका मल्लाचे जीवन आणि वनजिल्ह्यांतील क्रीडाविकास

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी केलेले भाषण)



२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या भूभागापैकी तीन-चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे. या दोन्ही जिल्ह्यांतील मुलांच्या अंगी कस किती आहे, याविषयी आता कोणी शंका घेऊ नये. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. 'मिशन शौर्य' या उपक्रमात आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी त्यांची निवड केली, त्यांना प्रशिक्षण दिले आणि शेवटपर्यंत पाठबळ पुरविले. असे पाठबळ नसेल तर काय होते आणि ते वेळेवर मिळाले तर काय घडते, हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचे असेल, तर खाशाबा जाधव यांचे चरित्र वाचावे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. त्यांच्याच हाताखाली खाशाबा लहानपणी लाल मातीत उतरले. शरीराने ते बुटके होते. परंतु चपळाई आणि डावांचे ज्ञान यांच्या बळावर ते आपल्याहून थोराड मल्लांनाही चीत करीत. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला. तेथे त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, मातीऐवजी गादीवर लढावे लागले. पाय मातीला सरावलेले, नियम अपरिचित. तरीही ५२ किलो वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे अधिक कठोर मेहनत केली.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यावर टाकलेला हा विश्वास होता. ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना खाशाबांनी हरविले. जपानच्या इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत त्यांनी अगदी थोडक्यात गमावली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. दोन कुस्त्यांच्या दरम्यान विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून दाद मागणारा भारतीय अधिकारी त्या वेळी आखाड्यापाशी नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबांच्या वाट्याला कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, थांबावे लागले.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. त्यानंतर कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी खर्डेकरांचे ऋण फेडले. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलिस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, तोही दीड दशक उलटल्यावर.

आज लढतीच्या खेळांचे स्वरूप पालटले आहे. कुस्तीची पकड, मुष्टियुद्धाचे ठोसे आणि लाथांचे प्रहार यांचा मेळ घालणारा 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' हा व्यावसायिक खेळ जगभर पसरला आहे. कुस्तीतूनच पुढे आलेला भरत खंडारे हा नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे 'यूएफसी' या अमेरिकन संघटनेच्या स्पर्धेत उतरला. भारतात जन्मलेला असा तो पहिला लढवय्या. त्या लढतीत पहिल्याच फेरीत त्याचा पराभव झाला. या व्यवसायात लढत मिळाली तर मिळकत, आणि दुखापत झाली तर दोन्ही थांबतात. मोबाइलवर अशा लढती पाहणाऱ्या खेड्यातील मुलाला ही दुसरी बाजूही शिक्षकांनी समजावून सांगितली पाहिजे.

खाशाबांच्या आयुष्यातून या जिल्ह्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, साधनांचा सराव वेळेवर व्हावा. स्पर्धा गादीवर होणार असेल, तर मुलाने गादी प्रथम स्पर्धेच्या दिवशी पाहू नये. दुसरी, खेळाडूबरोबर नियम जाणणारा माणूस असावा. भामरागड किंवा सिरोंच्याहून निघालेल्या मुलासोबत जाणाऱ्या शिक्षकाने नियमपुस्तिका वाचलेली असावी, वयाचे व जातीचे दाखले तपासलेले असावेत, आणि अन्याय होत असल्यास लेखी हरकत घेण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. म्हणून निवड चाचणीच्या तारखा ठरविताना पावसाचाही विचार व्हावा. तिसरी गोष्ट, खेळाबरोबर शिक्षण सुटू नये. खाशाबांना उदरनिर्वाहाचा आधार दिला तो नोकरीने, आणि त्या नोकरीची वाट महाविद्यालयातून गेली होती.

यांतील बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. गावाजवळ एक सपाट मैदान, शाळेत खेळाची नोंदवही आणि मुलावर लक्ष ठेवणारा एक जाणता माणूस, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण टाकावे लागले, याचे कौतुक जरूर व्हावे. परंतु यापुढे या वनजिल्ह्यांतील कोणत्याही शिक्षकावर तशी पाळी येऊ नये, ही जबाबदारी शासन, पंचायत आणि शाळा या तिघांची आहे.