सोनचाफ्याच्या वाट्याचं ऊन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कोपरगावचा. गोदाकाठचं, उसाचं आणि साखरेचं आमचं गाव. माझी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. त्यामुळे सूर्य कुठून उगवतो आणि कुठं मावळतो, हे मला कुणी शिकवावं असं कधी वाटलं नाही. पण ते मला आईनं शिकवलं, आणि तेही एका सोनचाफ्याच्या निमित्तानं.

आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न होऊन ती या कोरड्या मुलखात आली ती चाफ्याचा वास मनात घेऊनच. आम्ही नवं घर बांधलं तेव्हा तिनं एकच मागितलं, ‘दारात सोनचाफा लाव.’ १९९४ च्या मे महिन्यात मी जागा शोधायला निघालो. घराच्या मागं, उत्तरेला, भिंतीपासून आठ फुटांवर लख्ख ऊन होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही पाहावं तर ऊनच. पाऊस पडताच तिथं रोप लावलं.

रोप जगलं, पण रूप येईना. शेंडा उंच उंच चालला आणि खोड काठीसारखं बारीकच राहिलं. दोन पेरांमधलं अंतर वाढलं, पानं विरळ झाली. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायच्या. मी कधी खत बदललं, कधी पाणी वाढवलं. बियांपासून केलेल्या सोनचाफ्याला फूल यायला आठ-दहा वर्षं लागू शकतात. ती सबब तर हाताशी होतीच.

आठ वर्षं अशीच गेली. आई थकत चालली होती. एकदा डिसेंबरमध्ये पूर्वेच्या अंगणात वेताच्या खुर्चीवर ऊन खात बसली असताना ती म्हणाली, ‘अरे, दिवाळीपासून होळीपर्यंत मी कधी मागं बसलेली पाहिलीस? तिथं ऊन असतं तर मी इकडं खुर्ची आणली असती का?’

मी उठून मागं गेलो. दुपारचा साडेबाराचा सुमार होता. आमच्या भागात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण याच वेळी. अख्खं झाड घराच्या सावलीत उभं होतं. मुलांना फळ्यावर आकृती काढून जे वर्षानुवर्षं शिकवलं, ते माझ्याच परसात मला दिसलं नव्हतं.

गणित अगदी सोपं आहे. कोपरगाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली पायाशीच विरते. त्यानंतर जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. म्हणून मेमध्ये उत्तरेच्या परसात ऊनच ऊन. डिसेंबरच्या अखेरीला मात्र तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. तेव्हा भिंत जेवढी उंच, जवळजवळ तेवढीच लांब तिची सावली उत्तरेला पडते. आमचं घर कठड्यासकट २४ फूट. म्हणजे सावली साडेबावीस फूट, आणि झाड आठ फुटांवर! हिशेब केला तेव्हा कळलं, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत भरदुपारी त्याच्या बुंध्याला ऊनच नव्हतं. सहा महिने उपास, आणि मग एप्रिल-मेमध्ये वरून ऊन व बाजूनं तापलेल्या भिंतीची धग. मी आईच्या झाडाला असं वाढवलं होतं.

झाड उंच का धावलं, तेही सांगतो. रोप उजेडाकडं वळतं, याचे प्रयोग चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर केले आणि १८८० साली ग्रंथरूपानं मांडले. शेंड्याला उजेड कळतो आणि त्याच्या सांगण्यावरून खालचा भाग वाकतो, असं त्यांना दिसलं. पुढं समजलं, की वाढीचं एक संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू अधिक लांबते आणि कोंब उजेडाकडं झुकतो. उजेड अपुरा असला की झाड उंचीवर शक्ती खर्च करतं. मग फांद्या आणि फुलं यांच्यासाठी फारसं काही उरत नाही. लांबलेला शेंडा पाहून ‘झाड छान वाढतंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते बहुधा उजेड शोधत असतं.

सोनचाफ्याची पंचाईत अशी, की तो मुळात दमट हवेचा. फुलायला त्याला निदान पाच-सहा तास ऊन हवं. पण आमच्याकडची मेची दुपार आणि गरम वारा कोवळ्या रोपाला सोसत नाही. म्हणजे सरसकट ऊनही नको आणि सावलीही नको. सकाळचं ऊन भरपूर, उन्हाळ्यात दुपारनंतर आडोसा, हे त्याचं माप. पानमळेवाल्यांना हे न शिकवता कळतं. वेलीला शेवरी-शेवग्याची सावली देतात आणि ती दाट झाली की छाटतात. बहावा, ताम्हण, गुलमोहर यांना मात्र उघडं ऊनच द्यावं.

आठ वर्षांचं झाड हलवणं म्हणजे ते मारणं. म्हणून २००३ च्या पावसाळ्यात एक कलम आणलं, कारण कलमाला एक-दोन वर्षांत फूल येतं. या वेळी जागा आईच्या खुर्चीनं ठरवली. घराच्या पूर्वेला, जिथं ती हिवाळ्यात बसायची. तिथं सकाळपासून ऊन आणि मेमध्येही दोनच्या सुमारास घराची सावली. कलम रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आलेलं, म्हणून पहिला पंधरवडा ते रोज थोडं थोडं उन्हात ठेवलं. पहिले दोन उन्हाळे नैर्ऋत्येला बारदानाचा आडोसा केला, बुंध्याशी उसाचं पाचट पसरलं.

२००४ च्या श्रावणात पहिलं फूल आलं. आईनं ते केसांत माळलं नाही. दिवसभर नुसतं मुठीत धरून बसली. पुढची तीन वर्षं तिला त्या झाडाची फुलं मिळाली. २००७ मध्ये ती गेली.

तुम्ही बागेत झाड लावणार असाल तर जागा वर्षातून दोनदा पाहा, एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला सावलीची कड चुन्यानं आखा. मेपर्यंत थांबायचं नसेल तर डिसेंबरची सावली आधी पाहा, कारण उन्हाळ्यात आडोसा करता येतो, हिवाळ्यात ऊन आणता येत नाही. शेजारचा मोकळा प्लॉट उद्या दुमजली होईल, तेही धरून चाला. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्याला विचारा. हिवाळ्यात ऊन कुठं असतं, ते त्याला नक्की ठाऊक असतं.

मागचा सोनचाफा मी तोडला नाही. वाढत वाढत तो गच्चीच्या वर गेला आणि २०१० मध्ये शेंड्याला फुलला. माझा हात तिथं पोचत नाही. सकाळी परसात पडलेली फुलं वेचतो आणि आईच्या फोटोपुढं ठेवतो.