सायकलसाठी समुद्रकाठी राहायला जाताय? आधी जुलै बघा

बरेच जण विचारतात, "दादा, वढू सोडून कोकणात गेलास, मग परत का आलास?" आज तेच सांगतो.

जानेवारीत पहाटे आपल्याकडे भीमेकाठी धुकं असतं. वढूहून तुळापूरला पोचेपर्यंत बोटं बधिर, ब्रेक दाबता येत नाही. काम लॅपटॉपवरचं. म्हटलं, समुद्रकाठी जाऊ, बारा महिने सायकल चालवू. आईला गावी एकटं ठेवून नोव्हेंबरात दापोलीजवळच्या मुरुडला खोली घेतली. अकरा महिन्यांचा करार.

पहिले चार महिने मजा! हर्णै, कर्दे, लाडघर. दाभोळला सायकल फेरीबोटीत टाकायची, वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, की पुढे गुहागर. पहाटेही टी-शर्ट पुरे.

मार्चपासून दमट हवेत घाम सुकेना. खाऱ्या वाऱ्यानं चेन गंजली. आणि जूनला पाऊस! दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. उतारावर शेवाळ, सायकल भिंतीला टेकलेली. इकडे शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. गावचा मित्र जुलैतही राईडचे फोटो टाकत होता.

म्हणजे थंडीचे दोन महिने वाचवायला मी पावसाचे चार घालवले. करार अर्धवट सोडून आलो. आता जानेवारीत पंधरा दिवस कोकण, बाकी वढू.

तुम्हाला जायचंय तर जरूर जा. फक्त घर हलवण्याआधी तिथे जुलैत पंधरा दिवस राहून बघा. चांगल्या महिन्यात सगळीच गावं चांगली वाटतात.

भेटू पुढच्या भागात!