‘आवडत नसेल तर ॲप काढून टाका’ म्हणणाऱ्यांना आपलं उत्तर

(डून लेरी इथे रविवारी झालेल्या बैठकीतल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना शिफ्टमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि इतर देशांतल्या आपल्या वाचकांसाठी इथे देत आहोत.)

आठवड्यातली एकुलती एक सुट्टी मोडून तुम्ही आलात. काहीजण तर रात्रपाळी करून थेट डार्ट पकडून आले आहेत. त्यामुळे मी लांबण लावत नाही, मुद्द्यावरच येतो.

आज बोलायचंय ते आपल्या खिशातल्या मोबाइलमागे बसलेल्या कंपन्यांबद्दल. या कंपन्यांविषयी कुणी तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘आवडत नसेल तर ॲप काढून टाका. बळजबरी कुणी केलीय?’ कंपनीवाले हे म्हणतातच, पण आपल्यातले चार बुकं शिकलेलेही म्हणतात. ग्राहक राजा आहे, त्याला पसंत नसेल तर तो दुसरीकडे जाईल, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब पिझ्झा मागवणाऱ्याला लागू पडतो. पिझ्झा पोचवणाऱ्याला लागू पडत नाही. आपण यांचे ग्राहक नंतर आहोत, आधी यांचे कामगार आहोत. ज्याच्या ॲपवर ऑर्डर येते तेव्हा घरभाडं निघतं, त्याने ॲप काढून टाकायचं म्हणजे काय करायचं? जिची आई साताऱ्याला फक्त व्हॉट्सॲपच चालवू शकते, तिने व्हॉट्सॲप सोडून कुठे जायचं? निवड असते ती दोन चांगल्या रस्त्यांमधली. एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला उपास, याला निवड म्हणत नाहीत.

आणि ही गोष्ट नवीन नाही. आपण जिथे बसलोय त्या गावाला ती चांगली ठाऊक आहे. याच डून लेरीच्या बंदरातून होलीहेडला टपालबोट जायची. पिढ्यान् पिढ्या आयरिश माणसं पोटासाठी त्या बोटीत चढून इंग्लंडला गेली. लंडनच्या कॅमडन टाऊन, क्रिकलवुड भागात पहाटे रस्त्याकडेला उभी राहायची, ठेकेदाराची व्हॅन यायची आणि पाहिजे तेवढी माणसं उचलून न्यायची. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे असतात ना, अगदी तसंच. १९६०-७० च्या दशकांत बांधकामावर एक पद्धत जोरात होती, तिला ‘लम्प’ म्हणायचे. माणूस कागदावर कामगार नाही, स्वतंत्र धंदेवाला. दिवसाचे रोख पैसे घ्यायचे आणि गप्प बसायचं. विम्याचे स्टँप नाहीत, रजा नाही, काही नाही. हातात नोटा जास्त दिसायच्या म्हणून तरुण खूश असायचे. म्हातारपणी त्यातल्या कित्येकांना कळलं की आपल्या नावावर पुरेशी नोंदच नाही, मग पेन्शन कुठली! आयुष्यभर इंग्लंडचे रस्ते आणि बोगदे खोदले, आणि सरकारदरबारी ते जणू कामावर नव्हतेच.

आज ती व्हॅन मोबाइलमध्ये आली आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे ऊसतोडीत मुकादम असतो. तोडणीवाला विचारतो, माझा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी फक्त मधला माणूस. ॲप हा तसाच मुकादम आहे. फक्त याला तोंड नाही, त्यामुळे भांडताही येत नाही. काम कुणाला द्यायचं, किती पैशाला द्यायचं, कुणाचं खातं बंद करायचं, सगळं तोच ठरवतो. आणि कंपनी म्हणते, आम्ही मालक नाहीच, आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो.

याला उत्तर आपल्या लोकांनी फार पूर्वी दिलंय. मुंबईच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांबद्दल व्यापारी हेच म्हणायचे, ‘हा आमचा माणूस नाही. आज इथे गोणी उचलतो, उद्या तिथे.’ अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी संघटना बांधली, लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. कायद्याने व्यापाऱ्याला सांगितलं, तुझा एकट्याचा माणूस नसेल, पण तुझं ओझं त्याच्या डोक्यावर आहे ना? मग मजुरी मंडळात भर, वर लेव्ही भर. त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला, रजा मिळाली. मालक एक नसला तरी जबाबदारी ठरवता येते, हे माथाडींनी सिद्ध केलं. आता राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली ॲपवरच्या कामगारांसाठी कायदे केले, तेही याच वाटेने गेले आहेत.

आता इथलं बघू. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी एक निकाल दिला. डॉमिनोज पिझ्झा या नावाने धंदा करणाऱ्या कार्शन मिडलँड्स या कंपनीचा खटला होता, समोर कर खातं. पिझ्झा पोचवणाऱ्या ड्रायव्हरांच्या करारात लिहिलं होतं की ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत. न्यायालय म्हणालं, कागदावर काय लिहिलंय तेवढ्याने भागत नाही, प्रत्यक्षात काम कसं चालतं ते बघा. आणि प्रत्यक्षात बघितल्यावर ते ड्रायव्हर करासाठी कर्मचारीच ठरले. खटला कराचा होता, त्यामुळे उद्यापासून सगळे रायडर आपोआप कर्मचारी झाले असं कुणी समजू नका. पण तपासायची रीत ठरली. तुमच्यावर हुकूम कुणाचा चालतो, काम तुम्हीच करायला हवं की दुसऱ्याला पाठवता येतं, धोका आणि नफा कुणाचा, हे बघायचं.

‘दुसऱ्याला पाठवता येतं का’ हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण तो थेट आपल्या पोरांशी जोडलेला आहे. त्यानंतर साधारण महिन्याभराने, २१ नोव्हेंबर २०२३ ला, लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात डिलिव्हरूचे रायडर हरले. मोठं कारण हेच. करारात रायडरला आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायची मोकळीक होती. न्यायालय म्हणालं, ज्याला बदली माणूस पाठवता येतो, तो नोकर कसा? म्हणजे जी सवलत वरून गोड वाटते, तिनेच हक्काची मुळं कापली.

आता आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे स्टँप २ वर, आठवड्याला २० तास नोकरी करता येते, ठरलेल्या सुट्ट्यांच्या काळात ४० तास. पण स्वतःचा धंदा करता येत नाही. आणि ॲपवाले तर सगळ्यांना धंदेवाले म्हणूनच घेतात. मग पोरगं काय करतं? दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतं. दर आठवड्याला खातेदाराला पैसे मोजतं. पैसे खातेदाराच्या बँकेत जमा होतात, आणि तो देईल तेव्हा आणि देईल तेवढे. अपघात झाला तर कंपनीच्या लेखी हा रस्त्यावर नव्हताच. उद्या गार्डांनी अडवलं तर व्हिसा धोक्यात.

मी इथे कुणाला उपदेश करत नाही. फी भरायची असते, खोलीभाडं भरायचं असतं, मला कळतं. पण हिशेब मांडा. ऑर्डर वेळेवर पोचली, कंपनीचं भागलं. भाडं मिळालं, खातेदाराचं भागलं. पावसात सायकल घेऊन पडलेला तेवढा उरला. दुकानात, किचनमध्ये, गोदामात पगारपत्रकावर नोकरी मिळत असेल तर थोडी कमी कमाई दिसली तरी ती घ्या. २०२५ साली इथलं किमान वेतन तासाला १३ युरो ५० सेंट झालं. पगारपत्रकावर असलात की मालक तुमचा सामाजिक विमा भरतो, सुट्टीचे पैसे द्यावे लागतात. जो स्वयंरोजगारात मोडतो त्याला इथे आजारपणाचा भत्ता नाही, आणि कामावर इजा झाली तर त्याचाही भत्ता नाही. लम्पवाल्या आयरिश म्हाताऱ्यांची गोष्ट आठवा.

दुसरा मुद्दा माहितीचा. मुकादमाकडे एक वही असायची, ती तो दाखवत नसे. ॲपकडेही वही आहे, पण ती दाखवायला युरोपचा कायदा त्याला भाग पाडतो.

आपल्या ओळखीच्याच कंपनीचं उदाहरण देतो. भारतातली ओला काही वर्षं इंग्लंडमध्ये टॅक्सी चालवत होती. तिच्या आणि उबरच्या ड्रायव्हरांनी ॲमस्टरडॅममध्ये दावा लावला. आमची खाती का बंद केली, पैसे का कापले, आम्हाला गुण कसे दिले, ते सांगा. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मुख्य मुद्द्यांवर ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. माणसाचं पोट यंत्राच्या निर्णयावर अवलंबून असेल, तर तो निर्णय कसा झाला हे त्याला कळलं पाहिजे.

हा हक्क तुम्हालाही आहे. साधा ईमेल करायचा, ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेली सगळी माहिती मला द्या.’ किती तास लॉग इन होतो, किती ऑर्डर दाखवल्या, पैसे कसे काढले, रेटिंग काय, खातं बंद केलं तर का आणि ते माणसाने केलं की यंत्राने, हे सगळं मागा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. एका महिन्यात उत्तर यायला हवं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर कंपनी कळवून मुदत वाढवू शकते. उत्तरच नाही आलं तर डेटा प्रोटेक्शन कमिशनकडे तक्रार करा. हे ऑफिस डब्लिनमध्येच आहे. मोठमोठ्या कंपन्यांची युरोपातली मुख्य कार्यालयं या शहरात, त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवायचं कामही इथेच. याच ऑफिसने मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरोचा दंड केला होता.

तिसरा मुद्दा घरी पैसे पाठवण्याचा. इथे मात्र आपण खरंच ग्राहक आहोत आणि इथे निवड आहे. ‘शून्य फी’ वाचून भुलू नका. फी शून्य असते आणि दरात हात मारलेला असतो. समजा बाजारात एका युरोला १०० रुपये आहेत आणि ॲप देतंय ९८ रुपये ५० पैसे. ५०० युरो पाठवलेत तर ७५० रुपये गेले, आणि पावतीवर फी शून्य! म्हणून एकच प्रश्न विचारा, गावच्या खात्यात नेमके किती रुपये पडणार? एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तो आकडा बघा आणि मगच पाठवा. पहिल्यांदा पाठवताना दर चांगला देतात, पुढे तो उतरतो, तेव्हा दर वेळी बघा.

पण मंडळी, एकेकट्याने शहाणं होण्याला मर्यादा आहे. १९८४ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवर डन्स स्टोअर्समध्ये गल्ल्यावर बसणाऱ्या एका तरुण मुलीने दक्षिण आफ्रिकेतली फळं विकायला नकार दिला. तिथल्या वर्णभेदाचा निषेध म्हणून संघटनेने तसं ठरवलं होतं. तिला निलंबित केलं, आणि सोबतचे मूठभर सहकारी बाहेर पडले. जवळजवळ तीन वर्षं ते दारात उभे होते. शेवटी १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने तिथल्या फळांच्या आयातीवर बंदी घातली. ती फळं न घेण्याची मोकळीक ग्राहकांना आधीही होतीच की. पण सरकार हललं ते कामगार एकत्र उभे राहिले आणि लोकांनी त्यांना साथ दिली म्हणून.

आपल्यालाही संधी जवळ आली आहे. ॲपवरच्या कामाबद्दल युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा नियम केला. २ डिसेंबर २०२६ पर्यंत प्रत्येक सदस्य देशाने तो आपल्या कायद्यात आणायचा आहे. कंपनी तुमच्यावर हुकूम आणि नजर ठेवते असं दिसलं, तर तुम्ही कर्मचारी आहात असं धरून चालायचं, आणि नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. खातं बंद करायचं तर निर्णय माणसाने घ्यायचा, यंत्राने नाही. पण कायदा कागदावर राहतो की रस्त्यावर उतरतो, हे आपण पुरावा घेऊन उभे राहतो की नाही यावर आहे.

म्हणून घरी गेल्यावर तीन कामं करा. एक, साध्या वहीत रोज लिहा, किती वाजता कामाला लागलो, किती वाजता संपलं, किती मिळाले. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी साठवा, कारण खातं बंद झालं की सगळं जातं. दुबईत, दोह्यात हे वाचणाऱ्यांनो, युरोपचे कायदे तुम्हाला लागू नाहीत, पण ही वही तुम्हालाही कामाला येईल. दोन, तुमच्या माहितीसाठीचा तो ईमेल पाठवा. इंग्रजी जमत नसेल तर आपल्यातल्या कुणाकडून लिहून घ्या, लाजू नका. तीन, सिप्टूसारख्या युनियनमध्ये नाव घाला, किंवा निदान मायग्रंट राइट्स सेंटरचा पत्ता लिहून ठेवा. पगार बुडवला तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे तक्रार फुकट करता येते, पण साधारण सहा महिन्यांच्या आत करावी लागते. ‘बघू नंतर’ म्हणत बसलात तर मुदत निघून जाते.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘आवडत नसेल तर ॲप काढून टाका,’ तर त्याला सांगा, ‘ॲप राहू दे बाबा. आधी माझा हिशेब दाखव.’

आता तुमचे प्रश्न घेऊ.