साखर आटोक्यात, मग हृदयाचं काय?

मधुमेहाच्या तपासणीत सगळ्यांचं लक्ष साखरेच्या आकड्याकडे असतं. हृदयाचा धोका मात्र तेवढ्यावरून कळत नाही. मधुमेह म्हणजे आधीच झटका येऊन गेल्याइतका धोका, असं 1998 साली फिनलंडमधल्या अभ्यासात दिसलं होतं. पुढच्या संशोधनात ते सरसकट खरं ठरलं नाही. चाळिशीत नुकताच मधुमेह झालेला आणि पंधरा वर्षं तो अंगावर वागवणारा, यांना एकच माप कसं लावणार? म्हणून वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू (मिश्रीसुद्धा त्यातच आली) आणि मूत्रपिंडं, सगळं एकत्र पाहावं लागतं. त्यात लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी सर्वांत दुर्लक्षित. क्रिएटिनिनच्या तुलनेत ते ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि पुन्हा तपासूनही तसंच राहिलं, तर हृदयाचा धोकाही वाढलेला समजावा.

‘पण माझा ईसीजी नॉर्मल आहे,’ असं कोणी म्हणेल. तो त्या घडीचं सांगतो, पुढच्या दहा वर्षांचं नाही. शिवाय मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. मग साखरच आणखी खाली आणावी? अमेरिका-कॅनडातल्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत साखर फार कडक ठेवलेल्या गटात मृत्यू वाढले, आणि 2008 मध्ये ते उपचार थांबवावे लागले. उलट डेन्मार्कच्या ‘स्टेनो-2’ चाचणीत लघवीतून अल्ब्युमिन जाणारे 160 रुग्ण होते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकत्र सांभाळलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले.