आधी तिचं ताट

(वसईत महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गरोदरपणात काय खावं, हा विषय मला दिला आहे. खरं तर पालेभाजी, डाळ, अंडी, मासळी, फळं, दूध ही यादी आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे. दवाखान्याच्या भिंतीवर तिची चित्रं असतात. म्हणून मी ताटात काय असावं यापेक्षा ते ताट घरात कोणाकोणानंतर वाढलं जातं, यावरच जास्त बोलणार आहे.

नालासोपाऱ्याच्या एका चाळीत सहाव्या महिन्यातली बाई भेटली. पहाटे उठून पाणी भरायचं, नवऱ्याचा डबा करायचा, मुलांना शाळेत पाठवायचं आणि मग चार घरची धुणीभांडी. पोटात चहा आणि खारी. पहिली चपाती दुपारी तीनला. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर तिची पाळी. तोवर कालवणात रस्सा उरलेला असतो, तुकडा नसतो. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही काय तिला उपाशी ठेवतो? भांडी उघडीच आहेत की!” खोटं नव्हतं ते. ‘खाऊ नको’ असं तिला कोणीच म्हणत नव्हतं. फक्त ‘आधी तू बस’ असंही कोणी म्हणत नव्हतं.

दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट खायचं नसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन चपात्या आणि वाटीभर घट्ट वरण. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं मात्र रोज २२ ग्रॅम जास्त लागतात. ती नुसत्या भाताने आणि रश्शाने भरून निघत नाहीत. त्यासाठी महागडी पावडरही लागत नाही. सुका जवळा, अंडं, मोड आलेली मटकी, शेंगदाणे चालतात. पावसाळ्यात टाकळा फुकट उगवतो. आणि वसईच्या वाड्यांतली भाजी पहाटे मुंबईला जाते, त्यातली जुडीभर आपल्याही घरात राहायला हरकत नसावी.

‘जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अडतं’ ही भीती आजही ऐकू येते. यात अडाणीपणा म्हणून हसण्यासारखं काही नाही. जिच्या आईने घरातच अडलेलं बाळंतपण पाहिलं, तिला ती वाटणारच. पण कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपं होत नाही. बाई रक्तक्षयाने खचते आणि मूल कमी वजनाचं जन्मतं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यायच्या, आणि चहाबरोबर मुळीच नाही. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर ते जास्त लागतं.

१९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं वजनाने चांगली होती, हे त्यातून दिसलं. हे सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्यावर कष्टाचा बोजा जास्त, त्यांची बाळं लहान. हे कोणी भिंतीवर रंगवत नाही. कारण मग हंडा कोणी उचलायचा, हा प्रश्न घरातल्या पुरुषांना विचारावा लागतो.

आता सरकारच्या ताटाकडे येऊ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. हक्क, उपकार नव्हे! अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवणही मिळतं. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. पण वसई तालुक्यातली काहीच गावं त्या क्षेत्रात आहेत. म्हणजे पूर्वेच्या पाड्यावरच्या वारली बाईला ते ताट मिळतं, आणि तिचीच बहीण विरारच्या चाळीत राहायला आली की तिला मिळतं फक्त पाकिटातला शिधा. त्यातही २०२५ पासून चेहऱ्याची पडताळणी आली. ओटीपी येतो तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा चर्चगेटच्या लोकलमध्ये.

पैशाचंही तसंच. कायदा म्हणतो प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये. मातृवंदना योजना पहिल्या खेपेला ५,००० देते, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६,०००. तिसऱ्या खेपेच्या बाईची भूक कुठल्या रकान्यात लिहायची?

सगळ्यात वाईट अवस्था भट्टीवरच्या बायकांची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गावात नाव आहे पण बाई नाही, भट्टीवर बाई आहे पण नाव नाही. “तुमचं नाव तिकडे आहे,” हे उत्तर मी एका अंगणवाडीच्या दारात उभी राहून ऐकलं आहे. त्या ताईवर राग काढून उपयोग नाही. तिच्याकडे शिधा मोजून येतो आणि मानधन तुटपुंजं.

म्हणून माझी मंडळांना विनंती अशी. घरात काय करायचं ते एक: गरोदर बाईचं ताट आधी वाढायचं, आणि तिने रांधलेलं असलं तरी. बाहेरचं काम मोठं आहे. पूर्वेकडच्या मंडळांनी आपापल्या भागातल्या भट्ट्यांवरच्या गरोदर बायकांची यादी करायची, कितवा महिना त्यासह, आणि ती जवळच्या अंगणवाडीत व प्रकल्प कार्यालयात लेखी देऊन पोच घ्यायची. हे दिवाळी झाल्याबरोबर सुरू करायला हवं. माघापर्यंत थांबलो तर यादीतल्या निम्म्या बायका बाळंत झालेल्या असतील.