मोटारसायकलची साखळी

मोटारसायकल घरीं आली कीं तिची झळाळी राखण्याकडे जितकें लक्ष जातें, तितकें तिच्या साखळीकडे जात नाहीं. वस्तुतः इंजिनाची शक्ति मागच्या चाकास पोंचविते ती हीच. आणि तिची निगा घरच्या घरीं राखणें मुळींच अवघड नाहीं.

गाडी निवाल्यावर डबल स्टँडवर उभी करावी. मागचें चाक हातानें फिरवीत साखळीवरील मळ ब्रशानें व रॉकेलच्या फडक्यानें काढावा. मग खालच्या पदराच्या आंतल्या बाजूस तेल सोडावें. गाडी चालूं लागली कीं तें आपोआप बाहेरच्या अंगास पसरतें. शेवटीं तोच पदर मधोमध वरखालीं हालवून ढील पाहावी. लहान गाड्यांत ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर असते. तथापि गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. ढील फार झाल्यास साखळी दांत्यांवरून उतरून चाक अडकण्याचें भय. साखळी फार ताणल्यास बेअरिंग झिजतें.

एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें. चाक हातानें फिरविण्याचा कंटाळा करून कित्येक जण इंजिन चालू ठेवतात, गिअर टाकतात आणि फिरत्या साखळीवर फडकें धरतात. फडकें दांत्यांत सांपडलें कीं त्यामागोमाग बोटें जातात. हात मागें घेण्यास क्षणाचाही अवसर मिळत नाहीं. म्हणून इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्यें आणि किल्ली खिशांत, हा नियम कधींही मोडूं नये. दहा मिनिटें अधिक लागतील. पण बोटें दहाचीं दहा राहतील.