औषधाचा उपद्रव कीं रोगाचा जोर?

१९५२ सालीं पॅरिस येथें डिले व डेनिकर ह्या डॉक्टरांनीं उन्मादाच्या रोग्यांस क्लोरप्रोमाझीन दिलें. तत्पूर्वीं, १९३७ सालीं, अमेरिकेंत ब्रॅडली ह्यांनीं वर्तनदोष असलेल्या मुलांस बेन्झेड्रिन हें उत्तेजक दिलें होतें. मेंदूंतील डोपामीन नामक द्रव्याचें कार्य पहिलें अडवितें, दुसरें वाढवितें, हें पुढें कळलें.

उपद्रवही बहुधा उलटच. पहिल्या वर्गांतील जुन्या औषधांनीं अंग ताठरतें, हात कांपतात. नव्यांपैकीं ओलान्झापीननें वजन फार वाढतें. उत्तेजकांनीं भूक मंदावते, झोंप उडते, नाडी जलद चालते. अतिरेक झाल्यास भास व संशयही जडतात.

घरच्या मंडळींची फसगत होते ती निराळ्याच ठिकाणीं. पहिल्या वर्गाचें औषध घेणारा रोगी कधीं कधीं एका जागीं बसूंच शकत नाहीं, सारख्या येरझारा घालतो. ह्यास अकॅथिझिया म्हणतात. विकारच बळावला असें समजून मात्रा वाढविली, तर बिचाऱ्याची तळमळ अधिकच वाढते! मात्रा बदलल्यावर कितव्या दिवशीं येरझारा सुरू झाल्या, तें श्रोत्यांनीं टिपून डॉक्टरांस सांगावें. गोळ्या मात्र परस्पर बंद करूं नयेत.